मोठ्या पिंपाची पातळी

दुपारी जेवण झालं की मी कानातली यंत्रं काढून डबीत ठेवते आणि आडवी होते. मग जगाशी माझा संबंध उरतो तो फक्त पाठीतून. माझी खाट ज्या भिंतीला लागून आहे, तिच्या पलीकडच्या अंगाला गच्चीवर जाणारा लोखंडी जिना आहे. जिन्यावर कुणी पाय ठेवला की भिंत किंचित थरथरते, खाट थरथरते आणि मला कळतं. टाकी बघायला प्लंबर चढला तर कळतं, मांजर चढलं तर कळत नाही. अण्णा गेले त्या पावसाळ्यात ही थरथर पहिल्यांदा जाणवली. एक धक्का, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरा धक्का. वर जाणारा माणूस प्रत्येक पायरीवर थांबून विचार करतोय असं वाटावं, इतकं सावकाश. मी उठून बघितलं नाही. माकडं असतील, असं स्वतःला सांगितलं आणि कूस बदलली. संध्याकाळी चहा करताना मात्र जिन्यावरून तो आंबटगोड वास खाली उतरत होता.

तो वास आमच्या घराचाच होता, त्यामुळे घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. घाबरण्यासारखं एवढंच होतं की तो वास गच्चीवरची खोली उघडली तरच यायचा, आणि ती खोली उघडणारा माणूस आता नव्हता.

हे नीट सांगायला हवं. आमचं घर कानडी मुलखातल्या ह्या शहरात, राजाजीनगरात, वडिलांनी बांधलेलं. खाली माझे थोरले भाऊ, म्हणजे अण्णा, आणि वहिनी राहायचे. वरच्या मजल्यावर मी. माझं लग्न झालं नाही, आणि ते का झालं नाही हे विचारणारी माणसं आता उरली नाहीत, हे एक बरं झालं. मी जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. भुतांवर माझा विश्वास नाही आणि भटजींवर तर त्याहून नाही.

अण्णा यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. तरुणपणी कंपनीने त्यांना काही महिने इटलीला पाठवलं. तिथे ते ज्या म्हाताऱ्याच्या घरी राहिले, त्याच्या माळ्यावर लाकडी पिंपांची एक रांग होती, मोठ्यापासून लहानापर्यंत. त्यात व्हिनेगर मुरत असे. आपण लोणच्यात ओततो तसलं पाण्यासारखं व्हिनेगर नव्हे. काळं, दाट, काकवीसारखं. त्यासाठी तिकडे एक पांढरं द्राक्ष लागतं. त्याचं नाव ट्रेबियानो. त्याचा रस हंड्यात निम्मा होईपर्यंत आटवायचा आणि सगळ्यांत मोठ्या पिंपात ओतायचा. वर्षातून एकदा सगळ्यांत लहान पिंपातून थोडंसं काढून घ्यायचं. लहानातली तूट त्याच्याहून मोठ्यातून भरायची, त्याची तूट त्याच्याहून मोठ्यातून. असं करत शेवटी सगळ्यांत मोठ्यात नवा रस. पिंप कधीही रिकामं होऊ द्यायचं नाही. त्या गावात मुलगी जन्मली की तिच्या नावाने अशी पिंपं मांडतात आणि लग्नात तिला देतात, हेही त्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं. अण्णांनी परत येताना साड्या, घड्याळं असलं काही आणलं नाही. हे वेड तेवढं आणलं.

मुलगी झाली तेव्हा त्यांनी गच्चीवर पत्र्याची खोली बांधली. पायऱ्यांसारखा ओटा घातला आणि त्यावर पाच पिंपं ठेवली. सगळ्यांत मोठं वरच्या पायरीवर, सगळ्यांत लहान खाली, म्हणजे रबरी नळीने रस आपोआप उतरावा. तुतीचं लाकूड रामनगरकडून आलं, फणसाचं मंगळूरकडून. सुरुवातीला आपली इथली निळी द्राक्षं वापरून बघितली. ते जमलं नाही, सगळ्याला त्या द्राक्षाचाच वास येऊ लागला. पुढे दोड्डबळ्ळापूरच्या पलीकडे एका बागाईतदाराकडे ती इटलीची वेल सापडली. त्याने वाइनसाठी लावली होती. शिवरात्रीच्या सुमारास तिथून पेट्या यायच्या आणि गच्चीवर चूल पेटायची. शेजाऱ्यांना वाटायचं, हे ब्राह्मण दारू गाळतात. मी ते द्राक्ष खाऊन बघितलं होतं. जाड सालीचं, आंबट, बाकी चव अशी काहीच नाही. तसं मी म्हटल्यावर अण्णा म्हणाले होते, "म्हणूनच तर हवं ते. त्याला स्वतःचं काही नाही. लाकडाचं, हवेचं, माणसाच्या हाताचं, सगळं ते ठेवून घेतं." मी म्हटलं, मग तुम्ही वहिनींनाच पिंपात का घालत नाही. वहिनी हसल्या होत्या. अण्णा नव्हते हसले.

पुतणीचं लग्न झालं, ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला, अकराव्या मजल्यावर राहायला गेली, आणि पिंपं तिने अर्थातच नेली नाहीत. "बाबा, माझ्याकडे वॉशिंग मशीनला जागा नाहीये," म्हणाली. अण्णा तिच्याशी काही दिवस बोलले नाहीत. मग हळूहळू बोलू लागले.

ते गेले आषाढात. हॉस्पिटलात शुद्धीवर असेपर्यंत त्यांचं एकच चाललं होतं. "पातळी उतरू देऊ नकोस. उतरली तर मलाच यावं लागेल भरायला." वहिनी म्हणायच्या, "सरी, सरी, बरं, तुम्ही पडून राहा." आम्हाला वाटलं, घरी यावं लागेल म्हणतायत.

दहाव्याला आम्ही श्रीरंगपट्टणला गेलो, कावेरीकाठी. पुतणी एकुलती एक, तिनेच सगळं केलं. मी तिच्यासोबत होते, वहिनी घरीच होत्या. पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. भिंतीवर बसलेला, तोंड आमच्याकडे, पण जागचा हलायला तयार नाही. ऊन चढलं. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, शब्द द्या. पुतणीने आईला सांभाळीन म्हणून सांगितलं. घर विकणार नाही म्हणून सांगितलं. कावळा बसलाच आहे. तिला परत जाऊन कसली तरी मीटिंग होती. ती वैतागून म्हणाली, "बाबा, तुमची पिंपं आम्ही भरत राहू. खाली जाऊ देणार नाही." शब्द पुरता संपायच्या आत कावळा खाली आला. त्याला भूक लागली होती, असं माझं मत तेव्हाही होतं. पण माझ्या हातांवर काटा आला होता, हेही खरं. घरी आल्यावर पुतणीने हा किस्सा आईला हसत हसत सांगितला आणि बेळ्ळंदूरला निघून गेली. त्यानंतर तिने पिंपांचं नाव काढलं नाही. शिवरात्रीच्या आधी बागाईतदाराचा फोन आला तेव्हा मीच त्याला नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या वर्षीही सांगितलं.

जिन्याची थरथर मात्र अधूनमधून यायची. नेहमी दुपारी, नेहमी तशीच, धक्का आणि थांबणं. मी एकदाही उठले नाही. का उठले नाही ते सांगते. माकड दिसलं असतं तर मला आनंद झाला नसता. काहीच दिसलं नसतं तर मी त्या घरात राहू शकले नसते. आणि मला त्या घराशिवाय दुसरं घर नाही.

याच सुमारास पुतणीने वहिनींना बेळ्ळंदूरला नेण्याचा धोशा लावला. वहिनींचे गुडघे पार गेले होते, एकदा न्हाणीघरात पडल्या होत्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिथे लिफ्ट, खाली डॉक्टर, नात जवळ. मला ते सगळं पटत होतं आणि मुळीच नको होतं. वहिनी गेल्या तर संध्याकाळी कुणाबरोबर भांडत चहा प्यायचा? पण वहिनी स्वतःच हटून बसल्या होत्या. कारण सांगत नव्हत्या. "इथं माझं काम आहे," एवढंच. पुतणी मला बाजूला घेऊन म्हणाली, "आत्या, आईचं डोकं ठीक आहे ना? कसलं काम? बी प्रॅक्टिकल."

मग एक दिवस ती इंदिरानगरच्या एका रेस्टॉरंटवाल्याचा निरोप घेऊन आली. त्याला जुनं व्हिनेगर हवं होतं. आम्ही दोघी वर गेलो. खोलीत पत्रा तापला होता, लाकूड मधूनच बोटं मोडल्यासारखं वाजत होतं. प्रत्येक पिंपाच्या तोंडावर फडकं आणि त्यावर नदीतला गुळगुळीत दगड, अण्णा ठेवायचे तसाच. प्रत्येक पिंपाला त्यांनी एक वेळूची काठी केली होती आणि तिच्यावर खाच. रस खाचेपर्यंत ओला करतो का ते बघायचं. अशा पत्र्याखाली रस उडतो, वर्षाकाठी चांगलाच उतरतो. दोन वर्षं कुणी भरलं नाही तर काठी अर्धी कोरडी यायला हवी. पुतणीने लहान पिंपात काठी घातली. खाचेपर्यंत ओली. त्याच्या वरच्यात, खाचेपर्यंत ओली. तिसऱ्यात तसंच, चौथ्यात तसंच. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत खाली उतरली. मोठं पिंप राहिलं. त्यात बघायला स्टुलावर चढावं लागतं, आणि अण्णांच्या त्या स्टुलाला हात लावायची मला इच्छा झाली नाही.

"आईच वर जाते," पुतणी गाडीत बसताना म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "त्या जिन्यावरून पडली तर संपलं, आत्या. तुम्ही बोला तिच्याशी, प्लीज."

पुढच्या दुपारी मी यंत्रं कानातून काढली नाहीत. पाण्याच्या टाकीमागे खुर्ची टाकून बसले. जिना वाजू लागला. धक्का, थांबणं, धक्का. मी विज्ञान शिकवलेली बाई, टाकीमागे बसून रामरक्षा आठवत होते. मग कठड्याशी आधी पांढरा अंबाडा दिसला, मग पाठ. वहिनी जिन्याकडे पाठ करून, बसून, एकेक पायरी हातांनी स्वतःला वर ओढत येत होत्या. गळ्यात रबरी नळी. वर आल्यावर कठडा धरून उभ्या राहिल्या, कनवटीची किल्ली काढली, आत गेल्या. मी दारातून बघितलं. त्यांनी हात उंच करून नळीचं एक टोक फडक्याखालून वरच्या पिंपात सरकवलं, दुसरं तोंडाला लावून ओढलं, चव लागताच अंगठा दाबला आणि टोक खालच्या पिंपात सोडलं. अगदी अण्णांसारखं. हे त्यांना कधी कुणी शिकवलं होतं?

"वहिनी," मी म्हटलं.

त्या दचकल्या नाहीत. "आलात वन्सं? बरं झालं. स्वल्प थांबा, हे भरू दे."

ते भरलं. मग त्या ओट्यावर टेकल्या आणि पदराने तोंड पुसलं.

"तुम्ही पडाल," मी म्हटलं. "ह्या आंबट पाण्यासाठी मराल एक दिवस. कुणासाठी करता हे? अण्णा येतात असं वाटतं का तुम्हाला?"

"येऊ नयेत म्हणून करते," वहिनी म्हणाल्या.

मी दाराशीच खाली बसले.

"पोरीनं शब्द दिला तेव्हा हे सुटले. ती विसरली, तिचं काय चुकलं, तिला तिचा संसार आहे. पण हे विसरणारे नव्हेत. पातळी उतरली की परत येतील, भरत बसतील इथं. जन्मभर ह्याच खोलीत बसले, वन्सं. मेल्यावरही इथंच बसायचं? सुटले आहेत तर सुटू देत." त्यांनी नळी गुंडाळून मांडीवर घेतली. "आणि खरं सांगू, मलाही आता नको ते. चाळीस वर्षं ह्यांचं केलं. आता पोरीकडे जावं, नातीची वेणी घालावी असं वाटतं. पण गेले तर भरणार कोण?"

मी म्हटलं, "लहान चार तुम्ही भरता. मोठ्यात काय घालता? द्राक्षं तर आलीच नाहीत."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "मोठ्यातून मी घेत गेले, घातलं काही नाही. ते उतरलं असणार. चांगलं हातभर उतरलं असणार. आणि तरी हे आले नसतील, तर मग मी सुम्मने, उगाचच जीव काढते आहे. हे खरोखरच सुटले. मग मी जाईन बेळ्ळंदूरला. मला वर चढता येत नाही, दिसतही नाही. तुम्ही बघा वन्सं. उतरलंय ना?"

त्यांचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. मी स्टूल ओढलं आणि चढले. दगड कोमट होता. फडकं बाजूला केलं तसा वास आला, आणि तो मुरलेल्या व्हिनेगरचा वास नव्हता. चुलीवरून नुकत्या उतरवलेल्या रसाचा होता. शिवरात्रीच्या आसपास गच्चीभर पसरायचा तो. मी काठी आत सोडली, वर काढली. खाचेपर्यंत ओली होती. मी ती पदराला पुसली आणि पुन्हा घातली. खाचेपर्यंत.

पातळी उतरते, चढत नाही. मी हे जन्मभर शिकवलं आहे. दोन वर्षं घेत राहिलेलं पिंप भरलेलं असू शकत नाही. आणि मग मला आणखी एक गोष्ट आठवली, जी मी इतके दिवस आठवू दिली नव्हती. डोळा दाखवायला पुतणी वहिनींना घेऊन गेली होती, सबंध दिवस घरात मी एकटी होते, आणि त्या दुपारीही खाट थरथरली होती. एक धक्का, थांबणं, एक धक्का. वर जाताना. खाली येतानाची मला आठवत नाही.

"किती आहे हो?" वहिनींनी खालून विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. मान वर केलेली, धूसर डोळे, नळी ओढून ओठांच्या कडा काळ्या झालेल्या. खरं सांगितलं तर ही बाई मरेपर्यंत हा जिना बसून चढणार होती. खोटं सांगितलं तर ती जाणार होती, आणि ह्या भरलेल्या पिंपाखाली मी एकटी झोपणार होते. मला फार भीती वाटली, आणि वहिनींची फार माया आली.

"चार बोटं खाली आहे," मी म्हटलं.

"चारच?"

"चार बोटं म्हणजे पुष्कळ झालं वहिनी, ह्या आकाराच्या पिंपात. रसायनशास्त्र मला शिकवू नका."

त्या रडल्या, अण्णा गेले तेव्हा रडल्या नव्हत्या तशा. "म्हणजे आले नाहीत," असं दोनदा म्हणाल्या. त्यांना खाली उतरवताना मी त्यांच्या पुढे एकेक पायरी उतरत होते, आणि वर उघड्या राहिलेल्या दाराकडे मी बघितलं नाही.

पंधरवड्यात त्या बेळ्ळंदूरला गेल्या. जाताना खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. "आता भरू नका हं," म्हणाल्या.

त्यानंतर मी दुपारी झोपायचं सोडलं. खाटेवर नुसती पडून असायची, पाठीने वाट बघत. थरथर आली नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. आली नाही. आधी मला सुटल्यासारखं वाटलं. मग लाज वाटण्याइतकं एकटं वाटू लागलं. अण्णा निदान वर आहेत, असं मी मनातून धरून चालले होते. भांडायला कुणी नाही, पण छपरावर कुणीतरी आहे. शेवटी न राहवून एका दुपारी किल्ली घेतली आणि वर गेले.

खोलीत नुसत्या लाकडाचा वास होता. पिंपं गप्प होती. मी स्टुलावर चढले, दगड उचलला, काठी सोडली आणि वर काढली. खाचेखाली कोरडी होती. मी बोटं लावून बघितली. चार.

तशीच स्टुलावर उभी होते तेव्हा फोन वाजला. वहिनी होत्या.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं. मग नात, नातीची शाळा, लिफ्ट बंद पडली ते. मग म्हणाल्या, "वन्सं, इथं दुपारी वास येतो."

"कसला?"

"तोच. बाल्कनीचं दार लावलं तरी येतो. पोरगी म्हणते तळ्याचा आहे."

"तळ्याचाच असेल. बेळ्ळंदूरचं तळं म्हणजे काय विचारता, सगळ्या शहराचं सांडपाणी."

"तळ्याला असा गोड वास येतो होय?" त्यांचा आवाज हळू झाला. शेजारच्या खोलीत कुणी ऐकेल म्हणून हळू करतात तसा. "तुम्ही नीट मोजलं होतं ना त्या दिवशी?"

काठी माझ्या दुसऱ्या हातात होती.

"हो वहिनी," मी म्हटलं. "आत्ताही मोजलं. चार बोटं खाली आहे."